आमच्या उंबराला फूल आलं

मी आजवर पुष्कळ खोटं बोलले आहे. मास्तरांशी बोलले, सासूशी बोलले, नवऱ्याशी तर सवयीनं बोलले. त्यातलं बरंचसं आता आठवतही नाही, कारण खोटं लक्षात ठेवायला डोकं तरुण लागतं. एक मात्र आठवतं. ते मी ऐन मार्गशीर्षात, गुरुवारी सकाळी, दत्ताच्या झाडाखाली उभी राहून, डोळ्यांची पापणी न लववता बोलले होते. त्याचा पश्चात्ताप व्हावा म्हणून मी वाट पाहिली, पण तो काही आला नाही, आणि आता या वयात येईलसं वाटत नाही.

ते उंबराचं झाड अजून आहे. राहनाळला आमच्या शेताच्या बांधावर होतं, आता एका गोडाऊनच्या कंपाउंडात आहे. कंटेनरचे ड्रायव्हर त्याच्या सावलीत दुपारचे झोपतात आणि पिकलेली उंबरं अंगावर पडली की झाडाला शिव्या घालतात. तेव्हा या सगळ्या जागेत भातखाचरं होती. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरायचा. वालाच्या शेताला लागून उंबर, आणि उंबराच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये आठ सांच्यांचा कारखाना. सांचा म्हणजे लूम, हे भिवंडीकराला सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी लिहिते. त्या आठ सांच्यांचा खडखडाट आमच्या घरात चोवीस तास असायचा. आम्ही मोठ्यानं बोलणारी माणसं आहोत असं लोक म्हणतात, त्याचं मूळ तिथं आहे. वीज गेली आणि सांचे थांबले की शेजारच्या पाळण्यातलं बाळ दचकून उठायचं. कारखान्यातून कापसाची रुई उडायची ती उंबराच्या पानांवर, आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि आईनं उन्हात ठेवलेल्या सुकटीवर बसायची. आई सुकट निवडताना म्हणायची, या घरात माणूस जेवतो कमी आणि विणतो जास्त.

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि बाबांची धाकटी बहीण चांगूआत्या. पहाटे आईच्या हातातल्या तांदळाच्या भाकरीचा थपथप आवाज यायचा, मग आत्याचं हसू यायचं, मग बाबांचं खाकरणं, या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. गुरुवारी मात्र घरात मासळी नसायची. वालाचं बिरडं व्हायचं. मोड आलेला वाल सोलायचं काम माझं. मी सोलायचे कमी आणि आत्याच्या पाठीत साली मारायचे जास्त. आत्या तेव्हा एकतीस वर्षांची होती. आमच्या गावात त्या वयाच्या बाईला सून यायची वेळ झालेली असायची, आणि आत्याचं लग्नच झालेलं नव्हतं. त्याला कारण ते उंबराचं झाड.

आमच्या गावचा न्याय उंबराखाली व्हायचा. कोणी कोणाचा बांध कोरला, कोणाच्या रेड्यानं कोणाचं भात खाल्लं, असलं सगळं तिथं मिटायचं. जो बोलेल त्यानं खोडाला हात लावून बोलायचं. एकदा हात लावून बोललं की तो शब्द झाला. मग तो बदलायचा नाही. बाबा पंचात होते आणि पंचांतही कडक होते. शेत शिंपून झालं की रोज उंबराखाली जाऊन वर बघत बराच वेळ उभे राहायचे. मला वाटायचं, देवाला हात जोडतात.

आता चांगूआत्याचा शब्द. एकोणीस वर्षांची असताना तिला खाडीपलीकडचं स्थळ आलं. मुलाचे रेती वाहणारे दोन पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, होते आणि पोट त्या पडावांच्या मापाचं होतं. माझे आजोबा खूश होते. सुपारी फोडायला मंडळी उंबराखालीच जमली. आत्याला बोलावलं, तर ही आली, सरळ खोडाला हात लावला आणि म्हणाली, "उंबराला फुल आयलेलं दिसंल तवाच मी लगीन करीन." उंबराचं फूल कोणाला दिसत नसतं. ते दिसलं तर माणूस राजा होतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा आत्याच्या बोलण्याचा अर्थ सगळ्यांना कळला. पडाववाले उठून गेले. आजोबांना आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. पंचांतले सगळ्यात जुने पदूबाबा म्हणाले, "पोरीनं हात लावलाय. शब्द झायला." आत्यानं एका वाक्यात नको असलेला नवरा टाळला आणि त्याच वाक्यात पुढचे सगळे नवरेही टाळले. एकोणिसाव्या वर्षी माणूस फार लांबचं बघत नाही.

बारा वर्षं ती मजेत राहिली. कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची, शिफ्ट संपली की शेतात यायची. मग वामन जॉबर आला. जॉबर म्हणजे सांचे दुरुस्त करणारा. मूळचा पडघ्याकडचा, राहायला धामणकर नाक्याला, उंच, सावळा, केसांत कायम रुई. सगळा दिवस यूपीच्या कारागिरांत काढून त्याची मराठी निम्मी हिंदी झाली होती. तो आल्यापासून एक गंमत व्हायला लागली. तीन नंबरचा सांचा फक्त आत्याच्या शिफ्टलाच बिघडायचा. वामन यायचा, खाली वाकायचा, नट फिरवायचा, म्हणायचा, "चांगुणाबाय, या सांच्याला तुमची नजर लागते." आत्या म्हणायची, "मग नजर काढा ना, जॉबर." एवढंच बोलणं. पण जाताना तो आमच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबायचा आणि आत्या त्याला पाण्याबरोबर गूळ द्यायची. आम्हाला पाण्याबरोबर नुसतं पाणी मिळायचं.

आईला सगळं कळलं होतं. मला आईच्या आधी कळलं होतं. बाबांना कळलं असेल का याचा आम्हाला पत्ता नव्हता, कारण बाबांच्या तोंडावर काही उमटत नसे. त्या वर्षी मार्गशीर्ष लागला आणि वामनला मालेगावच्या एका कारखानदारानं बोलावणं धाडलं. मोठा कारखाना, राहायला खोली, हेड जॉबरची जागा. पौष लागायच्या आत हजर व्हायचं. वामननं हे आमच्या ओट्यावर बसून बाबांना सांगितलं आणि भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. त्या दिवशी आत्यानं गूळ आणला नाही, ती घरातून बाहेरच आली नाही. तो गेल्यावर आईनं धीर करून विषय काढला. बाबा म्हणाले, "मानूस चांगला हाय. पन शब्द कोनाचा हाय? उंबराखालचा हाय. माज्याच बहिनीनं मोडला तर उद्या बांध कोरनारा मना बोलंल, पयली तुजी बहीन बग."

"झाडाला फुल येनार कवा?" आई म्हणाली.

"ते झाडाला विचार," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मी चौदा वर्षांची होते आणि मला बाबांचा भयंकर राग आला. तो राग घेऊन मी दुसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, उंबराखाली जाऊन बसले. उंबराची फळं खोडालाच घोसानं लागतात. माझ्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर कच्च्या फळांचा एक घोस होता, आणि त्यातल्या एका फळावर एक हिरवी माशी येऊन बसली. माशी म्हणते, पण ती माशी नव्हे. बोटाच्या पेराएवढी, पोपटी, अंगानं बारीक, आणि पंख असे की त्यातून पलीकडचं दिसावं. डोळे सोन्याच्या फुलीसारखे चमकणारे. आमच्याकडे तिला नावच नव्हतं. वालाच्या शेंड्यांवर मावा, ती रस शोषणारी बारीक काळी कीड, पडला की ती फार दिसायची आणि संध्याकाळी दिव्याशी यायची. मी एकदा मुठीत धरली होती, तर हाताला असा वास लागला की मला त्या हातानं जेवता येईना.

ती माशी फळावर शेपटाचं टोक टेकवायची, एक थेंब सोडायची आणि शेपूट उचलायची, तसा त्या थेंबाचा केसाइतका बारीक दोरा वर ओढला जायचा. तो दोरा उभाच राहायचा. मग त्याच्या टोकावर ती एक लांबट अंडं ठेवायची, की पुढं सरकून दुसरा दोरा. मी श्वास धरून बघत होते. तिचं होईपर्यंत फळावर दहा-बारा केस उभे होते आणि प्रत्येकाच्या टोकाला एक फिकट हिरवा मणी. वारा आला की मणी हलत. माझ्या नातवानं परवा मोबाईलवर त्या माशीचा फोटो काढला तर मोबाईलनं लगेच इंग्रजी नाव सांगितलं. अंडी उंचावर का ठेवते तेही सांगितलं. पहिलं पोर बाहेर पडलं की भुकेनं भावंडांना खातं, म्हणून आई प्रत्येकाला वेगळ्या काठीवर ठेवते. माझ्या जावांना हे वाचून दाखवलं तर त्या हसल्या नाहीत.

तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की ही अंडी आहेत, मी माझ्या डोळ्यांनी घातलेली पाहिली आहेत, आणि दिसतात मात्र हुबेहूब फुलातल्या केसरासारखी. घरी आले. जेवले. आत्या पाठमोरी झोपली होती आणि ती झोपलेली नाही हे मला कळत होतं. सकाळी मी आंघोळ करून उंबराखाली गेले, खोडाला हात लावला, आणि सांच्यांच्या वर आवाज जाईल इतक्या जोरात ओरडले, "बाबा, उंबराला फूल आलंय."

खरं सांगायचं तर मला तेवढ्यापुरती घरच्यांची धांदल बघायची होती. बाबा येतील, बघतील, कान धरतील आणि गोष्ट संपेल, असा माझा अंदाज होता. पण माझ्या ओरडण्यावर आधी कारखान्यातले कारागीर धावत आले, त्यांच्यामागून बायका, आणि तासाभरात अर्धं गाव. कोणी नारळ आणला, कोणी अगरबत्ती. एक यूपीचा कारागीर म्हणाला, "हमारे गाँव में भी गूलर का फूल किसी ने नहीं देखा, बच्ची ने देख लिया." त्यांच्याकडेही तीच समजूत असल्यामुळे माझी बाजू एकदम भक्कम झाली. मग पदूबाबांना हात धरून आणलं. पदूबाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ते गावभर माहीत होतं, फक्त ते कबूल करत नसत. त्यांनी फळाला जवळजवळ नाक लावलं.

"पाच पाकल्या हायेत," पदूबाबा म्हणाले.

मग एक म्हातारी म्हणाली, व्हय व्हय, पाच. मग सगळ्यांनाच पाच पाकळ्या दिसायला लागल्या. मला स्वतःला क्षणभर वाटलं, असतील.

बाबा शेवटी आले. गर्दीनं वाट करून दिली. ते वाकले आणि फार वेळ बघत राहिले. बोट जवळ नेलं, पण लावलं नाही. ते सरळ उभे राहिले, माझ्याकडे बघितलं, मग पदूबाबांकडे. "पदूबाबा, तुमी काय बोलता?"

"मी बोललू. फुल हाय."

"मग शब्द पुरा झायला," बाबा म्हणाले. "पुढच्या गुरवारी वामनच्या मानसांना बोलवा. हितंच सुपारी फोडू."

बायकांनी आत्याला पुढं ढकललं. ती आली, फळाकडे एकदाच बघितलं, डोकं टेकवलं आणि पदर तोंडाला लावून घरात गेली. सगळे म्हणाले, बिचारी रडते आहे. मीही तेच समजले, आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

ते शुक्रवारपर्यंत टिकलं. शनिवारी सकाळी मी बघितलं तर फूल काळवंडायला लागलं होतं. हिरवे मणी करडे झाले होते. रविवारी दुपारी एक मणी फुटला आणि त्यातून एक बारीक, केसाळ, सुसरीच्या तोंडाचा जीव बाहेर आला, दोऱ्यावरून डोकं खाली करून उतरला, फळावर पोचला आणि शेजारच्या दोऱ्यावर चढून दुसऱ्या मण्यात तोंड खुपसून बसला. थोड्या वेळानं तिसरा फुटला. देवाचं फूल आपसात एकमेकांना खात होतं. सुपारीला चार दिवस होते. वामनची माणसं येणार, पदूबाबा येणार, उजेडात नीट बघणार, आणि फुलाच्या जागी किडे. मग खोडाला हात लावून कोण बोललं, तर मंदा बोलली, पंच बाळारामची पोरगी. बाबा गावात पुन्हा न्यायाला बसू शकले नसते. आणि आत्याचं लग्न मोडलं असतं ते कायमचं, कारण फसलेल्या शब्दावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार? हे सगळं मला रविवारी दुपारी दोन वाजता एकाच वेळी कळलं. चौदाव्या वर्षीही माणूस फार लांबचं बघत नाही.

आत्या वालाच्या वाफ्यात खुरपत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं ओकून टाकलं. माशी, दोरे, अंडी, किडे. रडत सांगितलं. आत्या खुरपत राहिली.

"बोलून झायलं?" ती म्हणाली.

"आत्या, ते फूल नाही."

"मना म्हाईत हाय." तिनं वालाचा एक शेंडा मोडला आणि माझ्यासमोर धरला. शेंडा माव्यानं काळा झाला होता, आणि त्या माव्यात रुईचा एक बारीक गोळा चालत होता. आत्यानं नखानं रुई बाजूला केली. आत तोच जीव होता, सुसरीच्या तोंडाचा, पण मोठा. तोंडात मावा धरून शोषत होता. "यो तोच. मावा खातो आनि त्याचीच सालं पाठीवर घालतो. आपल्याकडं रुई पडते तर रुई घालतो. मुंग्यांना कलत न्हाय आत कोन हाय ते. मी तुज्यापेक्षा लहान होते तवापासना बगतंय."

"मग तू त्या दिवशी रडलीस का?"

"रडले?" आत्यानं माझ्याकडे बघितलं आणि तिचं ते पहाटेचं हसू आलं. "अगो, पदूबाबाच्या पाच पाकल्या ऐकून हसू आवरत न्हवतं मना. म्हनून पदर लावला."

तिनं खुरपं खाली ठेवलं. मग हसायची थांबली आणि हळू बोलली. "मंदे, मी बारा वरसं त्या झाडाला हात लावलेला न्हाय. तोंडातना गेलेला शब्द मना मागारी घेता येत न्हवता. आता मना कोनी फुल दावलंय तर मी त्याला किडा बोलू? मना जायचं हाय त्याच्यासंगती. तू गप ऱ्हा. बाकीचं मी बगतंय."

तिनं जे केलं ते मी तोपर्यंत कधी पाहिलेलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. सोमवारपासून रोज सकाळी ती वालाचे कोवळे शेंडे खुडायची, नेमके माव्यानं भरलेले, आणि ओंजळ भरून उंबराला वाहायची. फळांच्या घोसाशी, खोडाच्या बेचक्यात, नीट खोचून. बायका म्हणाल्या, बघा, नवं पीक देवाला दाखवते आहे. संध्याकाळी शिफ्ट सुटली की कारखान्यातून सरळ तिथं यायची आणि रुईनं भरलेलं लुगडं झाडत झाडत उंबराला पाच प्रदक्षिणा घालायची. बायका म्हणाल्या, काय भक्ती. खोडावर बर्फासारखी रुई बसली. आई हे चुलीपाशी बसून बघायची आणि मला म्हणायची, "तुजी आत्या खूप शानी हाय, तिच्यापासना लांब ऱ्हा." पण म्हणताना तिचे खांदे हलत होते.

गुरुवारी वामन आणि त्याची दोन माणसं आली. वामननं केस धुतले होते, त्यामुळे तो ओळखू येत नव्हता. अर्धं गाव होतंच. पदूबाबांना पुढं आणलं. आता अंडी सगळी फुटली होती, पण त्यांची रिकामी पांढरी टरफलं दोऱ्यांच्या टोकांवर तशीच होती, तोंडं उघडून.

"उमललं," मी म्हणाले. एक खोटं बोलल्यावर दुसऱ्याला जोर लागत नाही.

आणि मग वामनच्या बरोबर आलेल्या त्याच्या मामाला ते दिसलं. "अरे, हे काय चालतंय?" काळ्या खोडावर रुईचे तिळाएवढे ठिपके चालत होते. एक नाही, पाच-सहा. थांबत होते, पुन्हा चालत होते. एकही किडा दिसत नव्हता, नुसता कापूस चालत होता. माणसं मागं सरली. कोणीतरी नाव घेतलं देवाचं. पदूबाबांना काय दिसलं देव जाणे, पण मामानं त्यांच्या कानात सांगितलं आणि म्हाताऱ्यानं काठी आपटली.

"फुलातना रुई निंगाली," पदूबाबा म्हणाले. "कापडाचा नवरा दिलाय देवानं. अजून काय पायजे?"

त्यावर कोणाचं काही चाललं नाही. वामननं आत्याकडे बघितलं. आत्यानं खाली बघितलं. बाबांनी सुपारी हातात घेतली, फोडायच्या आधी एकदा खोडाकडे वाकून बघितलं, अगदी जवळून, एक ठिपका त्यांच्या अंगठ्याशेजारून गेला तोपर्यंत. मग त्यांनी सुपारी फोडली. पौष लागायच्या चार दिवस आधी लग्न लागलं. लग्नात वालाचं बिरडं होतं, आणि मी इतकं खाल्लं की वरातीत मला ओकारी झाली. आत्या मालेगावला गेली. त्यानंतर तीन नंबरचा सांचा कधी बिघडला नाही.

पुढं मला शहाणपण आलं. उंबराला फूल येतं, ते फळाच्या आत असतं आणि फळ फोडल्याशिवाय दिसत नाही, हे मी शाळेत वाचलं. हीच अंडी आता म्हणे कागदावर चिकटवून शेतकऱ्यांना मावा मारायला विकतात. त्यांचे प्रकार असतात, काही पोरं अंगावर कचरा घालतात, काही उघडीच फिरतात. आमची कपडे घालणाऱ्यांतली होती. पण ही माझी गंमत होती. गावाला फसवलं, पंचांना फसवलं, बाबांना फसवलं, हे मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात मिरवत होते. सासरी कोणी फार शहाणपणा केला की मला तेवढ्यानं बरं वाटायचं.

मग एकदा मी माहेरी गेले. बाबा थकले होते, खाट उंबराखाली टाकून दिली होती. शेत अजून होतं, वाल होता. माझी मुलगी दोन वर्षांची, ती बाबांच्या छातीवर बसून खोडाशी खेळत होती. एका फळावर तसेच केस उभे होते, टोकांवर हिरवे मणी. तिनं हात पुढं केला तसा बाबांनी तो धरला. "हात नको लावू. ते मालेगावच्या आजीचं फुल हाय."

मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा, आता सांगते, ते फूल नसतं.

बाबांनी डोळे मिटले होते. "मना सांगतंस तू? मी वालात जलम काढला. मावा खानारा किडा मना कलनार न्हाय?"

मग म्हटलं, तुम्हाला त्याच दिवशी कळलं?

"वाकलो तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"मी पंच. माज्याच घरची बाब, त्याचा पुरावा मना सोताला आनता येत न्हाय. कोनी आनला तर बगायचा, येवडंच." मुलीचा हात त्यांच्या हातातच होता. "पदूबाबा बोलला फुल हाय. पंचात म्हाताऱ्याचा शब्द शेवटचा. माजा काय संबंध?"

पलीकडे सांचे चालू होते. रोज संध्याकाळी शेत शिंपून उंबराखाली उभे राहून वर बघणारे बाबा मला आठवले, मला कळायला लागलं तेव्हापासून तिथं उभे असलेले. ते हात जोडत नव्हते. त्यांचे हात खालीच असायचे.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "बारा वरसं लावली गो तुमी बायांनी," ते म्हणाले. "मी तर येका वरसात ती अंडी बगून ठेवली व्हती."